निष्ठा मागण्याआधी सातबारा दाखवा

कार्लोस तेवेझ भाडोत्री होता, असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी हे ऐकलं आहे, पुण्यात वसतिगृहाच्या टीव्हीसमोर ऐकलं आहे, आणि आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर सामने बघणाऱ्या पोरांकडूनही ऐकतो आहे. सगळ्यांना यादी तोंडपाठ असते. बोका ज्युनियर्स सोडलं, कोरिन्थियन्स सोडलं, वेस्ट हॅम सोडलं, मँचेस्टर युनायटेड सोडून त्याच गावातल्या वैऱ्याच्या, मँचेस्टर सिटीच्या घरात शिरला, युव्हेंटस सोडलं, चीनला जाऊन पोतंभर पैसा घेऊन आला. यादी संपली की निकाल तयार: या माणसाला निष्ठा नव्हती.

हा निकाल खोटा आहे. तो देणाऱ्यांनी एक तर कागद वाचलेले नाहीत, किंवा वाचून लपवलेले आहेत.

आपल्याकडे जमीन घ्यायची झाली तर माणूस आधी सातबारा काढतो. नाव कुणाचं, क्षेत्र किती, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय. सोसायटीचा बोजा आहे का, बहिणींचा हिस्सा आहे का, कुळ लागलंय का. ज्याने तो रकाना वाचला नाही, त्याने जमीन घेतली नाही, कोर्टकज्जा विकत घेतला. तेवेझच्या उमेदीची वर्षं, विसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतची, याच इतर हक्काच्या रकान्यात गेली. जर्सी एका क्लबची, घाम त्याचा स्वतःचा, टाळ्या तिथल्या लोकांच्या, आणि मालकी भलत्याच कंपनीची. अशा माणसाकडे निष्ठा मागताना लाज वाटायला हवी होती. ती कुणालाच वाटली नाही.

तेवेझ जन्मला ५ फेब्रुवारी १९८४ रोजी आणि वाढला ब्युनोस आयर्सच्या कडेला असलेल्या एका सरकारी वसाहतीत. कागदोपत्री तिचं नाव ‘एहेर्सितो दे लोस आन्देस’. लोक तिला ‘फुएर्ते अपाचे’ म्हणतात. दाटीवाटीच्या उंच इमारती, गोळीबार, अमली पदार्थ. त्याचा जन्मदाता बाप तो जन्मायच्या आधीच गोळ्या घालून मारला गेला. मावशी आणि तिच्या नवऱ्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि आयुष्यभर तो त्या माणसालाच बाप म्हणत आला. वर्षाचाही नव्हता तेव्हा उकळतं पाणी अंगावर सांडलं. कित्येक आठवडे तो अतिदक्षता विभागात होता. कानापासून गळ्यावरून छातीपर्यंत उतरलेला तो व्रण टीव्हीवर प्रत्येक सामन्यात दिसायचा. पुढे बोका ज्युनियर्सने शस्त्रक्रिया करून तो नीट करून देण्याची तयारी दाखवली. त्याने नकार दिला. त्याच्या अंगावरची ती एकच गोष्ट असेल, जिच्यात पुढे कुणाचा हिस्सा लागला नाही.

बोकाकडून तो २००१ मध्ये पहिल्यांदा खेळला. २००३ मध्ये कोपा लिबर्तादोरेस, त्याच वर्षी मिलानला हरवून इंटरकॉन्टिनेन्टल कप, २००४ मध्ये कोपा सुदामेरिकाना. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये आठ गोल, अंतिम सामन्यात पराग्वेविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच, अर्जेन्टिनाला सुवर्ण. २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं दक्षिण अमेरिकेतला सर्वोत्तम खेळाडू. खेळायचा कसा, तर भूक लागल्यासारखा. बुटका, रुंद छातीचा, चेंडू पायातून गेला की दोन पावलांत वळून तो परत हिसकावायला धावणारा. आमच्या पेठांतल्या पोरांना तो पहिल्या नजरेत आवडला, कारण तालमीच्या संघातून खेळणारं पोरगं असंच खेळतं. हरलो तर गल्लीत तोंड दाखवायचं कसं, हे त्याच्या डोक्यात असतं.

आता हे पोरगं बाजारात कसं आलं ते बघा.

दक्षिण अमेरिकेतले क्लब कर्जात बुडालेले. त्यावर तिथल्या व्यवहारी डोक्यांनी एक तोडगा काढला. खेळाडूची नोंदणी क्लबकडे ठेवायची, पण उद्या तो विकला गेला की येणाऱ्या पैशावरचा हक्क आजच तोडून विकून टाकायचा. एवढे टक्के या कंपनीला, एवढे त्या गुंतवणूकदाराला, उरलेले क्लबला. नेमार सान्तोसमध्ये असताना त्याच्या हक्कांतला चाळीस टक्के वाटा डीआयएस नावाच्या एका कंपनीकडे होता. पोरगा मैदानात धावतोय आणि त्याचे हातपाय आधीच वाटले गेलेले आहेत. याला ते लोक ‘आर्थिक हक्क’ म्हणतात. मी याला माणसाची गुंठेवारी म्हणतो.

२००४ च्या अखेरीस बोकाने तेवेझला ब्राझीलच्या कोरिन्थियन्सला विकलं. रक्कम दोन कोटी डॉलर्सच्या पुढे, दक्षिण अमेरिकेच्या बाजारात तेव्हा कुणी न ऐकलेली. त्या वेळी बोकाच्या अध्यक्षपदी मौरिसियो माक्री होते, पुढे अर्जेन्टिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले ते. पैसा कोरिन्थियन्सचा नव्हता. तो आला ‘मीडिया स्पोर्ट्स इन्व्हेस्टमेंट’ या कंपनीतून, किया जूराबचियन यांच्या मार्फत. या कंपनीने कोरिन्थियन्सशी करार करून क्लबचं फुटबॉल चालवायला घेतलं होतं. म्हणजे बोकाने पोरगा दिला एका क्लबला आणि पैसे घेतले एका कंपनीकडून. साओ पाउलोत तो मनापासून खेळला. अर्जेन्टिनाचा खेळाडू ब्राझीलमध्ये लोकांचा लाडका होणं ही साधी गोष्ट नाही. २००५ ची राष्ट्रीय स्पर्धा कोरिन्थियन्सने जिंकली, तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे कंपनी आणि क्लब यांचं फाटलं, मोठी नावं निघून गेली, आणि २००७ मध्ये कोरिन्थियन्स थेट दुसऱ्या श्रेणीत गेला. कंपनीने क्लबचं काय केलं हे साओ पाउलोच्या चाहत्यांना विचारा. तेवेझने ‘सोडलं’ म्हणणाऱ्यांनी तर आधी विचारा.

३१ ऑगस्ट २००६. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा शेवटचा दिवस. लंडनच्या वेस्ट हॅमने जाहीर केलं की तेवेझ आणि हावियेर मास्चेरानो, दोघेही आमच्याकडे आले. जग चक्रावलं. अर्जेन्टिनाचे दोन हिरे, आणि वेस्ट हॅमला? कारण सरळ होतं. दोघांवरही कंपन्यांचा हक्क होता आणि कंपन्यांना इंग्लंडच्या बाजारात माल मांडायला एक ओटा हवा होता. करारात कलमं अशी की ठरलेली रक्कम क्लबच्या हातावर ठेवून कंपन्या तेवेझला पुढे दुसरीकडे नेऊ शकतील. प्रीमियर लीगचा नियम सांगत होता की क्लबच्या कारभारावर तिऱ्हाइताचा असा ताबा चालणार नाही. म्हणून वेस्ट हॅमने काय केलं? कागद दाखवलाच नाही. इतर हक्काचा रकाना कोरा असल्याचं सांगून मोकळे झाले. लीगला धडधडीत खोटं सांगितलं गेलं, हे माझं म्हणणं नाही. लीगच्याच चौकशी आयोगाच्या निकालात ते आहे.

सुरुवातीला तेवेझचं तिथे बसेना. नोव्हेंबर २००६ मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध त्याला मधेच बाहेर काढलं, तेव्हा तो रागाने सामना संपायच्या आत मैदान सोडून निघून गेला. चुकलाच तो. सहकाऱ्यांनी शिक्षा ठरवली: सरावाला ब्राझीलची जर्सी घालायची आणि पगारातला हिस्सा दान करायचा. पैसे द्यायला तो तयार झाला, जर्सी घालायला नाही. यात मला तरी भाडोत्री माणूस दिसत नाही. पहिला गोल व्हायला मार्च उजाडला. टॉटनहॅमविरुद्ध फ्री किकवर गोल केला आणि तो जर्सी काढून थेट प्रेक्षकांत घुसला. सामना वेस्ट हॅम ४-३ ने हरला. संघ तळाशी, वाचण्याची आशा जवळपास संपलेली. तिथून शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकले. तेवेझने लीगमध्ये सात गोल केले, आणि चाहत्यांनी त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं.

दरम्यान भांडं फुटलं. २७ एप्रिल २००७ रोजी निकाल लागला: दंड ५५ लाख पौंड. गुण एकही कापला नाही. निकालाची कारणं वाचताना आजही माझी मूठ आवळते. हंगाम संपत आला आहे, खेळाडूंनी आणि चाहत्यांनी केव्हाची झुंज मांडली आहे, क्लबचे मालक आता बदललेले आहेत, क्लबने चूक कबूल केली आहे. म्हणजे चोरी पकडायला उशीर झाला हा चोराचा बचाव ठरला. शिवाय त्याच दिवशी वेस्ट हॅमने सांगितलं की कंपन्यांबरोबरचा करार आम्ही आमच्या बाजूने संपवला, आणि लीगने तेवेझला उरलेले तीन सामने खेळायची मुभा दिली. दुसऱ्याच दिवशी विगनवर ३-० ने विजय. मग बोल्टनवर ३-१, त्यात तेवेझचे दोन.

आणि मग १३ मे २००७, रविवार. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला सामने सुरू झाले. वसतिगृहाच्या टीव्हीभोवती तीस-चाळीस पोरं. एकीकडे ओल्ड ट्रॅफर्डवर विजेता मँचेस्टर युनायटेड विरुद्ध वेस्ट हॅम, दुसरीकडे शेफील्डमध्ये शेफील्ड युनायटेड विरुद्ध विगन. वेस्ट हॅम, शेफील्ड, विगन या तिघांतला एक खालच्या श्रेणीत जाणार होता. रिमोट एका दादाच्या हातात, तो दर पाच मिनिटांनी चॅनेल बदलत होता. मध्यंतराच्या तोंडावर तेवेझने सहकारी झमोराशी पासची देवाणघेवाण केली, घुसला आणि चेंडू युनायटेडचा गोलरक्षक व्हॅन डेर सारला चकवून आत ढकलला. १-०. तोच निकाल. आम्ही बाकांवर उड्या मारल्या. मीही मारल्या. तिकडे शेफील्डमध्ये विगनने २-१ ने सामना घेतला. विजयी पेनल्टी मारली डेव्हिड अन्सवर्थने. जानेवारीपर्यंत तो शेफील्ड युनायटेडचाच खेळाडू होता. दादाने चॅनेल बदललं तेव्हा पडद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर गळ्यात घातलेला एक म्हातारा होता. तो रडत नव्हता. नुसता मैदानाकडे बघत होता. आमचा आरडाओरडा हळूहळू बसला.

वेस्ट हॅमचे ४१ गुण. विगन आणि शेफील्डचे ३८-३८. एका गोलच्या फरकाने शेफील्ड खाली गेला. वेस्ट हॅमचे नुसते तीन गुण कापले असते तरी सगळं चित्र उलटं दिसलं असतं.

शेफील्डने दाद मागितली. लॉर्ड ग्रिफिथ्स यांच्या लवादाने २००८ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २००९ मध्ये दोन्ही क्लबांनी तडजोड केली. बातम्यांत रक्कम दोन कोटी पौंडांच्या आसपास सांगितली गेली, तीही हप्त्यांनी. पण क्लब परत वर आला का? २०११ मध्ये तो आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०१९ उजाडलं. बारा वर्षं. शाळेत जाणारं पोरगं कमावतं होतं एवढा काळ.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. खोटं सांगितलं क्लबने, कलमं लिहिली कंपन्यांनी, डोळेझाक केली लीगने, शिक्षा भोगली शेफील्डने, आणि शिव्या खाल्ल्या तेवेझने. ‘तेवेझ प्रकरण’ हेच नाव त्याला कायमचं चिकटलं. का? ते वेस्ट हॅम प्रकरण होतं. तेवेझने त्यात काय केलं? गोल केले. त्याचं काम तेवढंच होतं.

लहानपणी वडिलांबरोबर आठवडी बाजारात बैल विकायला गेलो होतो. दलालाने वडिलांचा हात आपल्या हातात घेतला आणि वरून रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. कितीला मागितला, कितीला दिला, हे त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. बाजूला बैल उभा. त्याचे दात बघून झालेले, पाठीवर थाप मारून झालेली. सौदा ठरला तसं वडिलांनी त्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढून घेतली आणि दावं दुसऱ्याच्या हातात गेलं. तो आमच्या मागे दोन पावलं आला. नव्या मालकाने हिसका दिला. मला वाटतं, जगातला कुणीही त्या बैलाला बेइमान म्हणणार नाही. मग ज्याचा सौदा आयुष्यभर रुमालाखाली झाला, त्या माणसाला तुम्ही कोणत्या तोंडाने बेइमान म्हणता?

वेस्ट हॅमने कराराचे कागद संपल्याचं सांगितलं होतं ना? २००७ च्याच उन्हाळ्यात, ‘संपलेल्या’ त्या कागदांवरून प्रकरण लंडनच्या हायकोर्टाच्या दारात गेलं. तडजोड झाली. वेस्ट हॅमला वीस लाख पौंड मिळाले आणि तेवेझ मँचेस्टर युनायटेडला गेला, दोन वर्षांच्या भाडेकरारावर. हा भाडेकरार कुणाशी? वेस्ट हॅमशी नव्हे, कंपनीशी. ज्या कंपनीकडे ना मैदान, ना गोलपोस्ट, ना एकही प्रेक्षक, तिने इंग्लंडच्या विजेत्या क्लबला खेळाडू भाड्याने दिला. भाड्याने घेणारा कोण, देणारा कोण हे ढळढळीत दिसत असताना लोक भाडोत्री म्हणाले ते भाड्याने दिल्या गेलेल्याला!

युनायटेडमध्ये दोन वर्षांत दोन लीग विजेतेपदं. २००८ मध्ये मॉस्कोत चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध पेनल्टींची वेळ आली, तेव्हा पहिली पेनल्टी मारायला गेला तेवेझ, आणि त्याने ती मारली. त्याच उन्हाळ्यात क्लबने बर्बातोव्ह या स्ट्रायकरवर तीन कोटी पौंडांहून जास्त खर्च केले आणि तेवेझ बाकावर जाऊ लागला. कायम करू की नको, हे दोन वर्षं त्याला कुणी ठामपणे सांगितलं नाही. स्टेडियममधले लोक प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसनना गाण्यातून विनवत होते की याला कायमचा घ्या. जून २००९ मध्ये, त्याची मुदत संपता संपता, क्लबने हात पुढे केला. तेव्हा तो नाही म्हणाला आणि सिटीला गेला. ज्या माणसाला दोन वर्षं उंबऱ्यावर उभं केलं, त्याने शेजारचं दार उघडलेलं बघून आत पाऊल टाकलं, तर गद्दार कोण? आणि त्याला घेताच सिटीने काय केलं? त्याच्या फोटोचा आकाशी रंगाचा भलामोठा फलक शहरात लावला, मँचेस्टरमध्ये स्वागत म्हणत. युनायटेडला डिवचायला त्यांना एक चेहरा हवा होता. व्रण असलेला तो चेहरा त्यांनी भिंतीवर चिकटवला.

सिटीत तो कर्णधार झाला. २०१०-११ मध्ये लीगमध्ये २० गोल करून बर्बातोव्हच्या बरोबरीने सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. २०११ चा एफए कप त्याच्याच हातांनी उचलला गेला, क्लबचा ३५ वर्षांतला पहिला मोठा चषक.

आता म्युनिक. २७ सप्टेंबर २०११, बायर्नविरुद्धचा सामना. प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी म्हणाले की तेवेझने मैदानात उतरायला नकार दिला, आणि हा आता माझ्या संघात पुन्हा खेळणार नाही. तेवेझचं म्हणणं की गैरसमज झाला. मी त्याची बाजू झाकून मांडणार नाही. संघ हरत असताना बाकावर बसून राहणं आणि नंतर महिनोन् महिने परवानगीशिवाय अर्जेन्टिनात जाऊन राहणं, हे चूक होतं. सहकाऱ्यांशी तो वाईट वागला. त्याचा दंड त्याने भरला. पण पुढचंही सांगा ना! क्लबने आधी चार आठवड्यांच्या पगाराचा दंड ठोकला. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिल्यावर तो दोन आठवड्यांवर आला, कारण खेळायला नकार दिल्याचा आरोप टिकला नाही. आणि मार्च उजाडला, विजेतेपद हातातून निसटायला लागलं, तेव्हा पुन्हा कधीच न खेळणारा तो माणूस मान्चिनींनी सन्मानाने बोलावून घेतला. एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध त्याने तीन गोल केले. मे महिन्यात सिटी गोलफरकावर विजेता झाला. तत्त्व कुठे गेलं? गरज पडली तशी तत्त्वाची घडी घालून कपाटात ठेवली. आणि एक वर्ष जाताच, २०१३ मध्ये, त्याला युव्हेंटसला विकून टाकलं, एक कोटी पौंडांच्या आसपास. गरज सरो, वैद्य मरो.

युव्हेंटसने त्याला काय दिलं ते नीट बघा. देल पिएरोची दहा नंबरची जर्सी. ती कुणालाही देत नसत. सरळ करार, एक क्लब, एक मालक, रुमाल नाही. मग हा ‘भाडोत्री’ कसा खेळला? दोन हंगामांत पन्नास गोल, दोन्ही वर्षं इटलीचं विजेतेपद, एक कोपा इटालिया, २०१५ मध्ये बर्लिनला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. ना भांडण, ना तमाशा. कागद स्वच्छ असला की माणूस कसा वागतो, त्याचा याहून मोठा पुरावा मला दाखवा.

बर्लिनच्या त्या सामन्यानंतर, ३१ व्या वर्षी, युरोपात भरपूर पैसा मिळत असताना तो बोकाला परत गेला. ‘ला बोम्बोनेरा’ स्टेडियम नुसतं त्याला बघायला भरलं. त्या वर्षी बोकाने लीग आणि कोपा अर्जेन्टिना दोन्ही जिंकले.

मग शांघाय शेनहुआ, २०१७. आठवड्याला सहा लाख पौंडांच्या वरचा पगार, लीगमध्ये चार गोल, आणि नंतर त्याने स्वतःच ते दिवस सुट्टीसारखे गेल्याचं सांगितलं. हे मला आवडलं नाही, आजही आवडत नाही. शांघायच्या चाहत्यांनी तिकिटं काढली होती, त्यांच्याशी तो प्रामाणिक वागला नाही. पण चेक लिहिणारे डोळे मिटून बसले होते का? मायदेशी परतलेला ३२ वर्षांचा खेळाडू कशासाठी घेतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना नाव हवं होतं, ते त्यांनी विकत घेतलं. नावाबरोबर मन येत नाही.

तो २०१८ मध्ये परत बोकाला आला. ७ मार्च २०२०, हंगामाचा शेवटचा सामना. समोर खिम्नासिया, त्यांचे प्रशिक्षक दिएगो मारादोना. सामन्याआधी तेवेझने जाऊन मारादोनाच्या ओठांचं चुंबन घेतलं आणि सामन्यात एकमेव गोल केला. रिव्हर प्लेटच्या पुढे एका गुणाने बोका विजेता. पुढच्या वर्षी त्याला वाढवणारा बाप गेला, आणि तेवेझ थांबला. माझा पहिला चाहता गेला, आता कुणासाठी खेळू, अशा अर्थाचं तो बोलला. ज्याला निष्ठा नव्हती म्हणता, त्याची निष्ठा कुठे होती ते मला तिथे दिसलं. बाजाराला ती कधी विकत घेता आली नाही, म्हणून बाजार म्हणतो ती नव्हतीच.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. प्रीमियर लीगने २००८ मध्ये तिऱ्हाइताची मालकी बंद केली, फिफाने १ मे २०१५ पासून जगभर बंदी घातली. खरं आहे. पण पैसेवाले काय हात बांधून बसले? खेळाडूत हिस्सा घ्यायला मनाई झाली, तर त्यांनी अख्खे क्लबच विकत घेतले. वालेन्तीन कास्तेयानोस हा अर्जेन्टिनाचा स्ट्रायकर बघा. उरुग्वेत तोर्के, मग न्यूयॉर्क सिटी, तिथून स्पेनमध्ये भाड्याने जिरोना. जिरोनाकडून एप्रिल २०२३ मध्ये त्याने रेआल माद्रिदला एका सामन्यात चार गोल मारले. तीन देश, तीन जर्सी, आणि तिन्ही क्लबांत पैसा एकाच घराचा: सिटी फुटबॉल ग्रुप. मँचेस्टर सिटीचे मालक तेच. तेवेझच्या काळात कंपनी पडद्याआड होती, आता ती मालक म्हणून उजळ माथ्याने समोर आहे. कायद्यात बसतं, मान्य. पण एका घरातल्या या खोलीतून त्या खोलीत हलवलेल्या खेळाडूची किंमत कुणी ठरवली आणि कुणाच्या सोयीने, हा प्रश्न तसाच उभा आहे.

आणि हे घर आपल्यापासून लांब नव्हतं. याच ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. तेव्हा आपल्याकडे टाळ्या वाजल्या, परदेशी पैसा आला म्हणून. सातबारा कुणी मागितला नाही. क्लबच्या चाहत्यांना यात काय मिळणार, पैसेवाल्यांचं मन फिरलं तर पोरांचं काय होणार, हे विचारणारा वेडा ठरला असता. कोल्हापूरच्या तालमींचे संघ वर्गणीवर चालतात, भांडतात, कधी मारामारीही करतात, आणि ते मला मान्य नाही. पण तिथे संघ कुणाचा, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. खेळाडूच्या व्यवहाराचा प्रत्येक कागद उघड करा: कुणी दिले, कुणाला दिले, दलालाने किती घेतले. खोटा कागद सापडला तर दंडाच्या पावत्या फाडू नका, गुण कापा. दंड श्रीमंत क्लबाला परवडतो, गुण परवडत नाहीत. आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराची सही कुठल्याही करारावर घ्यायची असेल, तर त्याच्या बाजूचा वकील समोर बसलेला असू द्या.

पायऱ्यांवर बसून निष्ठेवर भाषण देणाऱ्या माझ्या मित्रांनो, खेळाडूला जाब विचारायचा हक्क तुम्हाला आहे. म्युनिकचा विचारा, शांघायचाही विचारा. पण क्रम पाळा. आधी त्याला विकणाऱ्याला विचारा, मग विकत घेणाऱ्याला, मग मधल्या दलालाला, मग डोळे मिटणाऱ्या लीगला. तेवेझचा नंबर त्यांच्यानंतर. शेफील्डच्या लोकांना परत यायला बारा वर्षं लागली. ज्यांनी खोटं सांगितलं, त्यांना त्या खोट्यापायी एक दिवसही खाली जावं लागलं नाही.